उन्हानं कातडी करपते, रक्त नाही

मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे पारा ४५च्या पुढं गेला की ‘उन्हानं रक्त आटते’ हे ठरलेलं वाक्य. घरात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला, की त्याचाच पुढचा भाग येतो: जिंदगीभर उन्हात राबला, त्याचंच झालं. ही शंका अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. १९९०च्या दशकात ती शास्त्रज्ञांनाही आली होती.

रक्तपेशी तयार होतात अस्थिमज्जेत, म्हणजे कंबरेचं हाड, मणके, छातीचं मधलं हाड यांच्या आत. उन्हातले अतिनील किरण तिथवर पोचत नाहीत. त्यांतले यूव्हीबी नावाचे किरण बहुतेक कातडीच्या वरच्या थरातच अडकतात, यूव्हीए नावाचे त्याखालच्या थरापर्यंत जातात. कातडीच्या पेशींचा डीएनए मात्र ते बिघडवतात, म्हणून त्वचेचा कॅन्सर होतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे किरण बरेचसे शोषून घेतं, त्यामुळे तो आपल्याकडे गोऱ्यांच्या मानानं फार कमी.

मग रक्ताशी संबंध कसा जोडला गेला? अतिनील किरणांनी कातडीतल्या प्रतिकारपेशी मंदावतात. त्यातच त्वचेचा कॅन्सर झालेल्यांमध्ये लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, थोडा जास्त सापडत होता. दोन्हींच्या मुळाशी ऊनच असणार, असा अंदाज बांधला गेला. तपासून पाहिलं तर निकाल उलटा! २००८ साली १० अभ्यासांतली माहिती एकत्र केली, ८ हजारांवर रुग्ण होते. फावल्या वेळात सगळ्यात जास्त ऊन घेणाऱ्यांमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोमाच्या दोन मुख्य गटांपैकी जास्त आढळणाऱ्या गटाचा, धोका सुमारे पाव हिश्श्यानं कमी निघाला.

पण हे सगळे लोक युरोपीय वंशाचे. आणि ऊन कसलं, तर सुटीतलं, हौसेचं. कापूस वेचणाऱ्या बाईच्या उन्हाला ते माप लावता येत नाही. कातडीचे प्रकार सांगणारी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची १९७५ची मोजपट्टीसुद्धा मुळात गोऱ्या कातडीसाठीच होती. तपकिरी आणि काळे वर्ण तिच्यात मागाहून आले. ऊन वाचवत असेल तर ड जीवनसत्त्वामुळे, असंही वाटलं होतं. पण रक्तातलं ‘ड’ मोजून केलेल्या मोठ्या अभ्यासात लिम्फोमाशी नातं दिसलं नाही. त्यामुळे कॅन्सर टळावा म्हणून भर दुपारी अंगणात बसण्यात काही अर्थ नाही. ऊन लागून माणूस दगावतो, ते मात्र खरं.

माझं लक्ष उन्हापेक्षा त्याच शेतातल्या दुसऱ्या गोष्टीकडे जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी छातीला लागते. पाठीवर पंप, घामानं चिकटलेला शर्ट, वारा फिरला की फवारा उलटा अंगावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मेले, ते सगळ्यांनी पाहिलं. हळूहळू होणारा परिणाम असा डोळ्यांसमोर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली लिंडेन हे कीटकनाशक कर्करोगकारक ठरवलं, तेही नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्याच पुराव्यावर. मॅलाथिऑन आणि तणनाशक ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. ग्लायफोसेटवर वाद अजून मिटलेला नाही. ऊन आणि फवारणीचं औषध दोन्ही एकाच अंगावर पडतात, आणि बोट दाखवलं जातं ते उन्हाकडे, कारण ते दिसतं.

मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ आठवडे उलटले तरी जात नसेल, ताप रेंगाळत असेल, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर ‘ऊन बाधलं’ म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नये. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते. गाठीचं निदान त्यावर होत नाही, त्यासाठी तुकडा काढावा लागतो, पण सुरुवात तिथून होते. आणि सिकलसेलचा अहवाल हातात पडला म्हणून कुणी रडू नये: तो रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कॅन्सर नाही. डॉक्टरला मात्र आपण कोणकोणती औषधं फवारली ते न विचारता सांगावं, जमलं तर डब्यावरच्या नावासकट.