क्लिक झालं की मान खाली

दर फोटोनंतर मागच्या स्क्रीनकडे पाहणाऱ्याला जुनी मंडळी हसतात. ‘रोलच्या काळात आम्हाला कुठे काय दिसायचं?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते खरंही आहे, पण रोलचा काळ म्हणजे फोटोग्राफीचा सगळा इतिहास नव्हे. काढलेला फोटो तिथल्या तिथे पाहायची रीत रोलच्याही आधीची. मधली शंभरेक वर्षंच काय ती वेगळी गेली.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची (ईथर असलेल्या एका चिकट द्रवाची) पद्धत जाहीर केली. काचेवर कोलोडियन ओतायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. हाताशी वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. कोलोडियनमधला ईथर उडून जात असल्याने उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्यामुळे बाहेर काम असलं की तंबूतली किंवा गाडीवरची डार्करूम बरोबर न्यावी लागे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, तो हाच काळ. काम कमालीचं कष्टाचं, पण एक सोय होती: फोटो बिघडला तर गिऱ्हाईक खुर्चीवर असतानाच कळायचं आणि दुसरी काच लावता यायची.

ही सोय कोरड्या काचेने घालवली. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनची पद्धत सुचवली आणि पुढच्या दशकभरात तयार काचा बाजारात आल्या. फोटो आज काढा, डेव्हलप महिन्याने करा. १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल भरूनच मिळे, आणि तो संपला की अख्खा कॅमेरा अमेरिकेत रोचेस्टरला, कंपनीकडे पाठवायचा. काढणारा आणि धुणारा इथे वेगळे झाले. त्याला अपवाद रस्त्यावरच्या पेटी-कॅमेरेवाल्यांचा. पेटीतच कागदी निगेटिव्ह डेव्हलप करायची, पुढच्या फळीवर लावून तिचाच पुन्हा फोटो घ्यायचा आणि काही मिनिटांत ओला पॉझिटिव्ह हातात ठेवायचा.

व्यावसायिकांनी न पाहता काम करायच्या युक्त्या काढल्या. निगेटिव्हमध्ये एखाद्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक प्रिंट करताना सांभाळून घेता येते. स्लाइड फिल्म हाच शेवटचा फोटो, तिच्यात अर्धा स्टॉपही दिसतो. म्हणून एकच फ्रेम कमी, बरोबर आणि जास्त अशी तीनदा घ्यायची. याशिवाय क्लिप टेस्ट असे. लॅब अंधारात रोलच्या सुरुवातीचा तुकडा कापून तेवढाच डेव्हलप करी. तो काळपट आला तर उरलेला रोल डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. पण अंधारात फ्रेम कुठे संपते ते दिसत नाही, कात्री एखाद्या फोटोच्या मधूनच जायची. त्यामुळे जाणते लोक पहिल्या काही फ्रेम मुद्दाम बिनमहत्त्वाच्या घेत.

मग पोलरॉइड, म्हणजे जागीच तयार होणारा फोटो. एडविन लँड यांनी १९४७ मध्ये प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बोस्टनमध्ये कॅमेरा विक्रीला आला. हौशी लोकांसाठी ती गंमत होती, स्टुडिओवाल्यांसाठी हत्यार. हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्याची फिल्म मॅगझिन (फिल्म असलेला मागचा डबा) काढून तिथे पोलरॉइड बॅक लावायची, एक शीट घ्यायची, बाहेर ओढायची, मिनिटभर थांबून सोलायची. ६६९ ही रंगीत शीट ८० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा), तर कॅमेऱ्यातली स्लाइड बहुधा १०० ची, म्हणजे एक तृतीयांश स्टॉपचा फरक मनात धरावा लागे. खोली थंड असेल तर रंग निळसर पडत, म्हणून शीट काखेत धरून गरम ठेवायची. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात अडचण वेगळी होती. तिथे फिल्म बॉडीच्या आत खोल बसते, पोलरॉइडचा पॅक तिथवर पोचतच नाही. न्यूयॉर्कचे कॅमेरा दुरुस्त करणारे मार्टी फोर्शर यांनी मध्ये ऑप्टिकल फायबरचा ठोकळा बसवून प्रतिमा मागच्या शीटपर्यंत आणली.

पोलरॉइडवर लाइट, सावल्या, नको ती चकाकी कळायची. फोकस मात्र भिंग लावूनही धड कळत नसे. आणि पॅकमध्ये शीट दहाच. त्यामुळे ती कामाआधी लाइट लावताना घेतली जाई. खरं काम सुरू झालं की नजर पुन्हा व्ह्यूफाइंडरला. आजच्या सवयीत आणि त्या सवयीत खरा फरक आहे तो हा.

कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या बॉडीवर डीसीएस हा डिजिटल कॅमेरा उभा केला, तेव्हा स्क्रीन कॅमेऱ्यावर नव्हतीच. खांद्याला लटकवलेल्या वेगळ्या पेटीत २०० एमबीची हार्डडिस्क आणि चार इंची कृष्णधवल पडदा. तो दर फोटोनंतर कोण पाहणार? मागे रंगीत स्क्रीन घेऊन सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचला तो १९९५ चा कॅसिओ क्यूव्ही-१०: स्क्रीन १.८ इंच, फोटो ३२० × २४० पिक्सेलचा, साठवण ९६ फोटोंची. त्या कॅमेऱ्याला दुसरा व्ह्यूफाइंडरच नव्हता.

वर्तमानपत्रांच्या हाती स्क्रीन आली ती १९९८ मधल्या कोडॅक डीसीएस ५२० आणि १९९९ मधल्या निकॉन डी१ सारख्या कॅमेऱ्यांमुळे. सवय इतक्या झपाट्याने लागली की सप्टेंबर १९९९ मध्येच ‘यूएसए टुडे’चे छायाचित्रकार रॉबर्ट ड्यूश यांनी तिच्यावर ‘चिंपिंग’ नावानिशी लिहिलं. स्क्रीनभोवती जमून चिंपांझीसारखं ‘ऊ, ऊ’ करणाऱ्यांची ही थट्टा होती.

थट्टेला कारण होतं. डी१ ची स्क्रीन दोन इंची, १,२०,००० डॉटची. तिच्यावर हललेला फोटोही टवटवीत दिसायचा. २००७ मध्ये निकॉन डी३ आणि डी३०० वर तीन इंची, ९,२०,००० डॉटची स्क्रीन आली आणि डोळ्यांतला फोकस तपासणं पहिल्यांदा विश्वासाचं झालं. हा आकडाही फुगवलेला असतो: प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट, म्हणजे प्रत्यक्षात ६४० × ४८०.

उजेडाबाबत मात्र स्क्रीन आजही फसवते. रात्री हॉलमध्ये ती झगझगीत भासते, आपण एक्स्पोजर कमी करतो आणि घरी गेल्यावर फोटो काळवंडलेले निघतात. दुपारच्या उन्हात याच्या उलट. म्हणून ब्राइटनेस ऑटोवर न ठेवता मधल्या आकड्यावर पक्का करावा आणि निर्णय हिस्टोग्रामवर, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखावर, घ्यावा. तोही रॉ फाइलचा (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीचा) नसतो, कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपीईजीचा (तयार फोटोचा) असतो. पिक्चर प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ असेल तर रॉमध्ये शाबूत असलेला भागही तपशील जाऊन उडालेला दिसेल. ‘न्यूट्रल’वर तो वास्तवाच्या जवळ येतो. लग्नातला लाल शालू तर एकपदरी हिस्टोग्रामला हमखास चकवतो. एकूण आलेख मध्यावर दिसतो आणि लाल चॅनेल उजव्या भिंतीवर आपटलेला असतो, जरीकाठाशेजारची वीण सपाट होते. तिथे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्रामच लावायला हवा.

विरोधही यंत्रातूनच आला. लायकाने २०१६ च्या एम-डी मध्ये स्क्रीन काढून तिथे आयएसओची चकती बसवली. फुजीफिल्मच्या २०१९ च्या एक्स-प्रो३ मध्ये स्क्रीन आत वळवलेली असते. पाहायची तर खाली उघडावी लागते. जास्तीचे पैसे मोजून कमी घ्यायचं, असा हा मामला. सवय मोडायला मेनूतला ऑटो रिव्ह्यू (फोटो काढताच तो आपोआप दाखवणं) बंद करणं फुकटात होतं.

मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि व्ह्यूफाइंडरही स्क्रीनच असलेल्या कॅमेऱ्यात, तर तो बंद करावाच लागतो. पॅनासॉनिक जी१ ने २००८ मध्ये ही वाट उघडली आणि एक्स्पोजर बटण दाबायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसू लागलं. पण ऑटो रिव्ह्यू चालू असला तर काढलेला फोटो दोन सेकंद तिथेच, डोळ्यासमोर अडून बसतो. अंतरपाट दूर होऊन माळा पडायला तेवढा वेळ पुरतो. स्टुडिओत फ्लॅश वापरताना एक्स्पोजर प्रिव्ह्यूही बंद ठेवावा, नाहीतर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान असताना, फाइंडरमध्ये काळोख दिसतो. अशा वेळी पहिले दोन-तीन फोटो झूम करून फोकस आणि हिस्टोग्राम पाहायचा, लाइट किंवा लेन्स बदलली की पुन्हा एकदा, आणि डिलीट बटणाला कार्ड घरी उतरेपर्यंत हात लावायचा नाही.