टंकलेखन संगणकावर आलं, पण बोटांचं काय?

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट, ही अट टाइपरायटर यंत्राच्या काळातली. देशी बनावटीचा टाइपरायटर 1955 मध्ये बाजारात आला आणि 2009 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. परीक्षा मात्र पुढेही अनेक वर्षं यंत्रावर होत राहिली.

दरम्यान 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा कोर्स सुरू झाला आणि सरकारी नोकरीला संगणकाचं प्रमाणपत्र जोडलं गेलं. मुदतीत पास न झालेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी अडल्या, वसुलीही निघाली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. वेगाने मराठी टाइप करायला शिकवणं हे त्या कोर्सचं काम नव्हतं, आणि टायपिंग क्लासकडे संगणक नव्हता.

खरा गुंता इथे झाला. ‘युनिकोडमध्ये टाइप करा’ असं कार्यालयात सर्रास म्हणतात, कुणी ‘मंगलमध्ये’ म्हणतं. युनिकोड ही अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत, मंगल हा फॉन्ट, आणि बोटं कुठे पडतात ते ठरवणारा कीबोर्डचा आराखडा तिसराच. तिन्ही एकाच शब्दात कोंबल्यामुळे शिकणाऱ्याला नेमकं काय बदलायचंय हे कुणी सांगितलंच नाही. टाइपरायटरच्या रेमिंग्टन आराखड्यावर ‘स्थिती’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग अर्धा स, मग थ. म्हणजे कागदावर दिसतं तसं. संगणकाच्या इनस्क्रिप्ट आराखड्यावर स, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), थ आणि शेवटी वेलांटी. म्हणजे उच्चारतो तसं. सहा महिने घोटून बसवलेला हात इथे उलटा चालवावा लागतो. रेमिंग्टनच्या आराखड्यानेही युनिकोड मजकूर लिहिता येतो, ही साधी गोष्ट कित्येक मुलांपर्यंत पोहोचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. इनस्क्रिप्ट 1980 च्या दशकातच प्रमाण ठरलं होतं. तेव्हापासून क्लासमध्ये शिकवलं असतं तर हा त्रास वाचला असता.

ऑगस्ट 2017 मध्ये यंत्रावरची परीक्षा शेवटची म्हणून घेतली गेली. संगणक टंकलेखनासाठी संस्थांना स्वखर्चाने संगणक घ्यावे लागले. तालुक्याच्या गावात दहा-बारा यंत्रांवर संसार चालवणाऱ्यांना ते झेपणं कठीणच होतं. यंत्रं भंगारात गेली.

भरतीच्या जाहिरातींत टंकलेखन आणि संगणक अशी दोन प्रमाणपत्रं आजही वेगवेगळी मागितली जातात.