मेलेली बुरशी आणि गेलेली बुरशी: घरात दम्याचा माणूस असेल तर हा फरक आधी समजून घ्या

दर जुलै-ऑगस्टमध्ये ओळखीच्यांचा तोच मेसेज येतो. कपाटात बुरशी आली होती, ब्लीचिंगच्या पाण्याने मारली, कपड्यांना दोन दिवस ऊन दाखवलं, तरी पोराचा खोकला जात नाहीये, म्हणजे खोकला बुरशीचा नसणारच ना? आणि दरवर्षी मी तेच उत्तर टाइप करते की बुरशी मेली असेल हो, पण गेली नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे जवळजवळ सगळे त्या एकच धरतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

बुरशी मारायची कशी हे तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. ब्लीच, व्हिनेगर, कडक ऊन, हल्ली कोणी कोणी यूव्ही लाइट लावतात. कमीजास्त प्रमाणात सगळ्याने मरते. भिंतीवरचं पांढरं म्हणजे बुरशी की लोणा हा गोंधळही लोक घालतात, तो एका थेंबात सुटतो, पाणी लावलं की विरघळलं तर तो क्षार म्हणजे लोणा, नाहीतर बुरशी. बुरशी काळी की हिरवी यावरून ती किती वाईट ते ठरत नाही, त्यामुळे रंगावर चर्चा करत बसू नका. आणि २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याला आपण ब्लॅक फंगस म्हणत होतो तो म्युकरमायकोसिस, त्यात काळं पडतं ते मेलेलं मांस, भिंतीवरच्या काळ्या डागांशी त्याचा संबंध जोडून घाबरू नका.

आता मुख्य मुद्दा. बुरशीने घरात जो त्रास होतो, म्हणजे शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, रात्रीचा कोरडा खोकला, दम्याच्या माणसाला छातीत घरघर, तो बहुतेक वेळा इन्फेक्शन नसतो, ॲलर्जी असते. बुरशी शरीरात जाऊन वाढत नसते, तिचे बीजाणू आणि बारीक तुकडे श्वासातून आत जातात आणि त्यातल्या प्रथिनांवर शरीर भडकतं. ते प्रथिन बुरशी मेली म्हणून नाहीसं होत नाही. खाजकुयली आठवा. झाडावरून पडून वाळलेली शेंग, तिच्यात जीव कुठला, पण हात लावून बघा काय होतं ते, उलट वाळल्यावर तिची लव जास्त उडते. बुरशीचं अगदी हेच. ओली असते तेव्हा निदान चिकटून बसलेली असते, उन्हात खडखडीत वाळली की भुकटी होते आणि कपाटाचं दार उघडल्यावर जो झोत येतो त्याच्याबरोबर सरळ नाकात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीसेक पट लहान, तो दिसत नाही आणि पार फुप्फुसात पोचतो.

यात फसवणारी गोष्ट अशी की मारलेली बुरशी गेल्यासारखीच दिसते. ब्लीचने डागाचा रंग उडतो, भिंत पांढरी होते, आणि कुबट वास तर मुख्यतः जिवंत वाढणाऱ्या बुरशीचा असतो त्यामुळे तोही कमी होतो. डोळे म्हणतात गेली, नाक म्हणतं गेली, फक्त घरातल्या दम्याच्या माणसाची छाती म्हणते आहे अजून, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

आमच्याकडे हेच झालं म्हणून एवढ्या तळमळीने सांगतेय. ठाण्याला वरच्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेची भिंत, सगळा पाऊस तिच्यावर, आणि त्या भिंतीला टेकून आईचं लाकडी कपाट. आईला दमा. मी सगळं ब्लीचने पुसलं, साड्या गच्चीत वाळत घातल्या, संध्याकाळी झटकून घड्या घालून परत आत. त्या रात्री आईला पंप चार वेळा घ्यावा लागला. मला वाटलं ब्लीचचा वास बाधला, थोडा तोही असेल, पण पुढचा महिनाभर ती कपाट उघडायची तेव्हा तेव्हा खोकत होती. साड्या धुतल्याच नव्हत्या ना मी, फक्त ऊन दाखवलं होतं. सगळ्या धुऊन, काही ड्रायक्लीनिंगला देऊन, कपाट ओल्या फडक्याने आतून बाहेरून तीनदा पुसलं, फडकं दर वेळी नवं, आणि मग खोकला उतरला. तिच्या छातीच्या डॉक्टरांनीच नंतर समजावलं की मारण्यापेक्षा काढण्याकडे बघा.

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा घरातल्या बुरशीवर सरसकट ब्लीच मारायला सांगत नाही, कारण हेच, मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, ती काढावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ओल आणि बुरशीचा संबंध खोकला, घरघर, दमा यांच्याशी स्पष्ट जोडलेला आहे. इंटरनेटवर मात्र थकव्यापासून विसरण्यापर्यंत सगळंच बुरशीवर ढकललेलं दिसेल, त्याला एवढा भक्कम पुरावा नाही, तेव्हा तसं काही होत असेल तर बाकीच्या तपासण्या टाळू नका.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. घरात कोणाची केमो चालू आहे, किडनी बदललेली आहे, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, तर तिथे जिवंत बुरशी खरंच इन्फेक्शन करू शकते, मग मारणं आणि काढणं दोन्ही हवं, आणि हे काम चालू असताना ते माणूस घरात नको. दम्याचं माणूससुद्धा नको.

हा फरक कळला की सामानाचं काय करायचं हे आपोआप सुटतं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन "यातली बुरशी मरेल का" असं विचारू नका, "यातून निघेल का" असं विचारा. स्टील, काच, चिनीमाती, प्लास्टिक, पत्र्याची ट्रंक, यातून निघते, साबणाचं पाणी, फडकं, कोरडं करा, संपला विषय. धुता येणारे कपडे, चादरी, पडदे यातून निघते, गरम पाणी चालत असेल तर गरम, एकदा धुऊन वास राहिला तर दुसऱ्यांदा धुवा, आणि मग ऊन. ऊन वाईट नाहीच हो, ऊन धुतल्यानंतरचं आहे, धुण्याच्या ऐवजी नाही. पैठणी आणि रेशीम ड्रायक्लीनिंगला देताना बुरशी आहे हे सांगून द्या.

गादी आणि उश्या यातून निघत नाही. इथे लोकांचा जीव अडकतो. कापसाची गादी आहे, आजीच्या वेळची आहे, पिंजून घेऊ. कृपा करून नको. बुरशी लागलेला कापूस बिल्डिंगखाली पिंजायला बसवला की तो पिंजणारा माणूस आणि खालच्या मजल्यावरची पोरं दोघांच्याही छातीत ते जातं, आणि तोच कापूस परत तुमच्या नाकाखाली येतो. गादी टाका. फोमचा सोफा आतपर्यंत ओला झाला असेल तर तोही. फुगलेलं प्लायवूड, जिप्समचं फॉल्स सीलिंग, हेही तसंच. पुराचं पाणी घरात शिरलेलं असेल, २०१९ ला सांगली-कोल्हापूरला किंवा २०२१ ला चिपळूणला शिरलं तसं, तर त्यात गटाराचं पाणीही असतं, तिथे गादीचा विचारच करायचा नाही. कोरडं करायला हातात साधारण २४ ते ४८ तास असतात, तेवढ्यात सुकलं नाही तर बुरशी येतेच असं धरून चाला.

कागद मधे कुठेतरी आहे. पुस्तकं आधी पूर्ण वाळवायची, मग घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून मऊ ब्रशने, ब्रश आपल्यापासून लांबच्या दिशेने. एकदम वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे बुरशी मरत नाही पण वाढ थांबते, तेवढा वेळ मिळतो. फोटोंचा अल्बम असेल तर फोटो सोडवून स्कॅन करा आणि अल्बमची पानं जाऊ द्या.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू, कोरड्या झाडूने भिंत झाडण्याचा. पंखा चालू, झाडू हातात, आणि भिंतीवरचं काळं पूर्ण घरभर. आधी पंखा बंद, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, एन-९५ मास्क, आणि जे काही पुसायचं ते ओलं. दुसरा राग डांबरगोळ्यांचा, त्या किड्यांसाठी असतात, त्यांनी बुरशी जात नाही, फक्त कुबट वासावर दुसरा वास बसतो आणि दम्याच्या माणसाला दोन्ही सहन करावे लागतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या अजिबात नको, जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांचं रक्त त्याने बिघडतं. आणि ब्लीच वापरणारच असाल तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

बुरशीवरून पेंट मारणारे असतात, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, पुढच्या पावसाळ्यात पोपडे स्वतःच सांगतात. पाणी येतंय कुठून ते आधी शोधा, गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग, शेजारच्या बाथरूमचा पाइप. पाणी चालू आहे तोवर काढलेली बुरशीसुद्धा परत येणार.

आणि स्वच्छ केलेलं सामान लगेच त्याच कपाटात कोंबू नका. साधा हायग्रोमीटर घ्या, स्वस्त असतो, घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणायची. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ते नुसत्या खिडक्या उघडून होत नाही, बाहेरची हवाच ओली असते, एसी किंवा डीह्युमिडिफायर लागतो, तोही दारं-खिडक्या बंद करून. आमचा हायग्रोमीटर आईच्या कपाटातच असतो. काटा ६० च्या वर राहिला की ती स्वतः एसी लावते, आणि कपाट आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलंय, म्हणजे मागून हवा फिरते आणि भिंतीला ओल आली तर ती आम्हाला आधी दिसते.