टॉमने जेरीला उंचावरून टाकलं तर?

टॉम पडतो. छपरावरून, शिडीवरून, खिडकीतून. आधी हवेत दोन क्षण पाय मारतो, खाली बघतो आणि मग धाडकन! खाली आपटला की कधी पापड, तर कधी पेटीचा भाता. शिवाय ती किंकाळी. ती खुद्द विल्यम हॅना यांच्या आवाजातली. हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 साली एमजीएम स्टुडिओत ही जोडी जन्माला घातली. पहिल्या चित्रपटात टॉमचं नाव जॅस्पर होतं.

टॉमचं ते हवेत तरंगणं साफ खोटं. माणूस, बोका किंवा चेंडू, आधार सुटला की त्याच क्षणी पडायला लागतो. पुढे कितीही जोरात धावत असला तरी हवेचा विरोध सोडला तर पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर खाली.

पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे. बोका असा पाठीवर आपटतोच कसा?

मांजर उलटं सोडलं तरी चार पायांवर उतरतं, हे आपण अंगणात पाहिलेलं असतं. 1894 साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेतली आणि भल्याभल्यांना कोडं पडलं. हवेत रेटा द्यायला काहीच नाही, मग मांजर वळतं कसं? मेख अशी की ते कंबरेत वाकतं आणि दोन भागांत वळतं. पुढचे पाय पोटाशी, मागचे ताणलेले: पुढचा भाग झटकन फिरतो, मागचा उलट दिशेला जेमतेम. मग पायांची अदलाबदल, आणि मागचा भाग फिरतो. गिरकी घेताना हात जवळ घेणारी नर्तकी आठवा. या हालचालीचं नीट गणित टी. आर. केन आणि एम. पी. शेर यांनी थेट 1969 साली मांडलं.

न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद 1987 साली प्रसिद्ध झाली. त्यातली सुमारे 90 टक्के जगली. सात मजल्यांपेक्षा वरून पडलेल्यांना इजा उलट कमी, असंही त्यात दिसलं! यावर लगेच विश्वास ठेवू नका. जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतो? त्यामुळे खिडकीला जाळी हवीच.

आता जेरी. तो 20 ग्रॅमचा आणि टॉम 4 किलोचा धरू. वजन 200 पट, पण दोघांच्या अंगाची ठेवण सारखीच मानली तर अंगाचं क्षेत्रफळ जेमतेम 34 पट. म्हणजे हवेला अडवायला मिळणाऱ्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे टॉमचं वजन जेरीच्या सहापट. हवा जेरीला लवकर आवरते, त्याचा वेग फार वाढतच नाही. शिवाय आपटताना जिरवायची ऊर्जाही इवलीशी.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मधल्या एका निबंधात हेच झणझणीत शब्दांत सांगितलं होतं. हजार यार्ड खोल खाणीत माउस टाकला, तर तळाची जमीन जरा मऊ असल्यास त्याला हलका धक्का बसेल आणि तो चालू लागेल. रॅट मात्र मरेल, माणसाची हाडं मोडतील आणि घोड्याचा चिखल होईल. (माउस छोटा, रॅट मोठा; मराठीत दोघेही बिचारे उंदीरच.) हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले.

म्हणजे जेरीला उंचावरून फेकण्यात टॉमचा काहीच फायदा नाही. मग त्याने काय करावं? उत्तर त्याच निबंधात आहे. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर पाण्याचा पातळ थर राहतो, त्याचं वजन अर्धा किलोच्या आसपास. ते आपल्याला जाणवतही नाही. भिजलेल्या उंदराला मात्र स्वतःच्या वजनाइतकं पाणी वाहून न्यावं लागतं. इतके सुरुंग, हातोडे आणि सापळे वाया घालवण्यापेक्षा टॉमने एक बादली पाणी ओतायला हवं होतं.