पीजचा एक किलोवॅट

वडोदऱ्याहून अहमदाबादच्या दिशेने निघाले आणि मही नदी ओलांडली की चरोतर सुरू होते. तंबाखू आणि दूध यांसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश नद्यांच्या गाळाने घडलेला आहे आणि म्हणूनच डोंगर तर सोडाच, साधी टेकडीही इथे सहसा नजरेस पडत नाही. याच सपाटीवर, खेडा जिल्ह्यात नडियादजवळ असलेल्या पीज या गावी, १९७५ साली दूरचित्रवाणीचे एक छोटे केंद्र सुरू झाले. मुंबई केंद्राला तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती, आणि सयाजीरावांच्या वडोदऱ्याला असे केंद्र अजून लाभायचे होते. पीजच्या प्रक्षेपकाची (ट्रान्समीटरची) शक्ती होती अवघी एक किलोवॅट, म्हणजे घरातल्या साध्या इस्त्रीला लागते तेवढी. आणि तो सुमारे ३५ किलोमीटरच्या परिसरासाठी होता.

३५ किलोमीटर हा आकडा कमी वाटतो, पण त्याचे कारण यंत्राच्या दुबळेपणात शोधू नये. दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मीटरभर किंवा काही मीटर लांबीच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. मध्यम लहरींवरची आकाशवाणी जमिनीला धरून दूरवर पोहोचते, तशी सोय इथे नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर जमीनच लहरींच्या वाटेतून खाली उतरते. वातावरणामुळे लहरी किंचित वाकतात, तेवढी सवलत धरूनही हिशेब असा पडतो की मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घेऊन त्याला ४.१२ने गुणले, म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर मिळते. मनोरा ५० मीटर उंच असेल तर २९ किलोमीटर, आणि पाहणाऱ्याच्या घरावरील अँटेना ९ मीटर उंचीवर असेल तर आणखी १२ किलोमीटर. मनोऱ्याची उंची दुप्पट केली तरी या बेरजेत केवळ १२ किलोमीटरची भर पडते. क्षितिजापलीकडे लहरी एकाएकी संपत नाहीत, जमिनीच्या कडेवरून थोड्या वळतात. परंतु तिथे त्या इतक्या झपाट्याने क्षीण होतात की प्रक्षेपकाची शक्ती दहापट वाढवूनही फार थोडे हाती लागते. पीजपासून वडोदरा सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आसपास आहे. आपले शहर या वर्तुळाबाहेर राहिले, ते भूमितीमुळे.

याच वर्षी आकाशातूनही एक प्रयोग चालू होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना थेट कार्यक्रम दाखवण्यात आले. या उपग्रहावरील प्रक्षेपक केवळ ८० वॅटचा होता. पीजपेक्षा कितीतरी कमी शक्तीने, तेही ३६,००० किलोमीटर उंचीवरून, तो इतक्या गावांपर्यंत पोहोचला, याचे रहस्य त्याच्या ९ मीटर व्यासाच्या छत्रीत, म्हणजे डिश अँटेनात, होते: सारी शक्ती इकडेतिकडे न सांडता भारताच्या दिशेने एकवटली जात होती, आणि वरून येणाऱ्या लहरींना क्षितिज आडवे येत नव्हते. मात्र याची किंमत गावाला मोजावी लागे. प्रत्येक संचासोबत ३ मीटर व्यासाची जाळीची छत्री आणि येणाऱ्या लहरींचे रूपांतर करणारे वेगळे उपकरण लागत असे. पीजच्या वर्तुळातील गावाला साधा संच आणि छपरावरची साधी अँटेना पुरत होती.

माझ्या मते पीजचे खरे वेगळेपण या वर्तुळाच्या आत काय होते यात आहे. खेडा जिल्ह्यातील ४००हून अधिक गावांत ६००हून अधिक सामुदायिक संच सार्वजनिक जागी बसवले होते. कार्यक्रम अहमदाबादच्या इस्रोच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या स्टुडिओत तयार होत आणि सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) दुव्याने पीजला पाठवले जात. सहा राज्यांना एकाच वेळी बोलणाऱ्या उपग्रहाला कुणा एका गावाशी बोलणे शक्य नव्हते. याउलट पीजच्या प्रेक्षकांची बोली एक होती, पिके एक होती, सकाळ-संध्याकाळ दूध घालायची रीतही एक होती. त्यामुळे शेतमजुराला किमान वेतन मिळते की नाही, अस्पृश्यता, हुंडा, असे विषय त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गावांत चित्रित करून मांडता आले. गावकरी त्यांत स्वतः दिसू लागले, आणि पाहणाऱ्यांना काय समजले, काय पटले नाही, हे समाजशास्त्रज्ञ गावोगाव जाऊन विचारत राहिले. १९८४ साली ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या खेडा प्रकल्पाला मिळाला, तो यथायोग्यच होता.

त्याच वर्षी देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची मोठी लाट आली. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३मध्ये सोडला गेला होता. त्याच्याकडून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि १०० वॅटच्या प्रक्षेपकाने शहरभर पसरवायचा, अशी ही योजना होती. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरची अँटेना त्याच दिवसांतली. चपटी वायर खिडकीतून आत येत असे आणि चित्रातील प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली उभी राही. त्या सावलीचा अर्थ मला पुढे भौतिकशास्त्र शिकताना कळला. चित्राची एक ओळ पडद्यावर साधारण ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते. पाठीमागे १५० मीटरवर असलेल्या पाण्याच्या टाकीवरून परतणाऱ्या लहरीला ३०० मीटर जास्त चालावे लागते आणि त्यासाठी एक मायक्रोसेकंद लागतो. अर्धा मीटर रुंदीच्या पडद्यावर तो जवळपास एक सेंटीमीटर भरतो. म्हणजे सावलीचे अंतर पट्टीने मोजून अडथळा किती लांब आहे याचा अंदाज घरबसल्या करता येत होता.

या नव्या प्रक्षेपकांना स्टुडिओ मात्र नव्हता. वर्तुळ शहराचे होते आणि आवाज दिल्लीचा. शक्ती पीजपेक्षाही कमी असूनही त्यांना स्थानिक म्हणता येत नाही, आणि हा फरक यंत्राच्या नव्हे, ते कुणाच्या हाती दिले याच्या निर्णयातून आलेला आहे. २०२१-२२च्या सुमारास दूरदर्शनचे असे भूस्थित ॲनालॉग प्रक्षेपक मोजकी ठिकाणे वगळता बंद करण्यात आले.

पीजचा प्रक्षेपक तोवर राहिलाच नाही. १९८५ साली, गावकऱ्यांचा विरोध असतानाही, तो मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी चरोतरातून हलवण्यात आला. त्या यंत्राची शक्ती मद्रासमध्येही एक किलोवॅटच राहणार होती. खेडा जिल्ह्यातील चारशे गावांना मात्र आपले कार्यक्रम बनवणारा, आपलाच असा दुसरा प्रक्षेपक मिळाला नाही.