खुलासा : ‘खंबीर शिक्षकाला ताण येत नाही’ हा समज

‘मनाने खंबीर असलेल्या शिक्षकाला महामारीतही ताण येत नाही, जो थकतो तो मुळातच कमकुवत,’ अशा आशयाचा संदेश बराच काळ फिरत आहे. त्यामागचा हेतू धीर देण्याचा असावा, परंतु विधान चुकीचे आहे.

खंबीरपणा म्हणजे ताण न येणे नव्हे, तर ताण येऊनही त्यातून सावरता येणे. आणि हे सावरणे केवळ स्वभावावर नव्हे, तर झोप, कामाचा भार, स्पष्ट सूचना आणि सहकाऱ्यांचा आधार यांवरही अवलंबून असते. 2020 मध्ये बहुतेक देशांतील शाळांच्या इमारती बंद झाल्या तेव्हा काम थांबले नाही; पडद्यावरचे अध्यापन आणि पालकांचे अवेळी येणारे फोन यांमुळे ते घरात शिरले. (लिपिक, शिपाई आणि सफाई कर्मचारी यांचा तर या संदेशात उल्लेखही नसतो.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण’ या यादीच्या 11व्या आवृत्तीत कामामुळे येणाऱ्या अशा दमणुकीची (‘बर्नआउट’) नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट न हाताळला गेल्याचा परिणाम म्हणून आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमता घटल्याची जाणीव ही तिची तीन लक्षणे होत.

पडताळणीसाठी एकाच व्यक्तीचे दोन काळ ताडून पाहावेत. भार हलका होताच तीच व्यक्ती सावरत असेल, किंवा शिक्षककक्षातील बहुतेक जण एकाच वेळी थकलेले असतील, तर कारण स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. मात्र उदासी आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना भेटावे.