फरशी लखलखीत, खालची फळी अंधारात

मोठ्या सुपरमार्केटमध्ये सगळ्यात खालच्या फळीवरचं पाकीट उचलून त्यावरची तारीख वाचायची म्हटली, की ते डोळ्यांजवळ आणावं लागतं किंवा वाटेच्या मधोमध येऊन वर धरावं लागतं. छतावर ट्यूबलाइटच्या रांगा पेटलेल्या असतात, पायाखालची फरशी चकाकत असते, विजेचं बिलही दणदणीत येत असतं. पण ज्या मालासाठी माणूस दुकानात आला, त्यावरच उजेड पुरत नाही. अशा दुकानांत आणखी दिवे लावायची गरज क्वचितच असते, असं माझं ठाम मत आहे. आहे तोच उजेड भलत्या ठिकाणी पडतो, रंग धड दाखवत नाही आणि डोळ्यांना शिणवतो. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

आधी जागेचा प्रश्न घेऊ, कारण त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. समजा ट्यूबची सलग रांग जमिनीपासून साडेचार मीटर उंचीवर आहे, दोन रॅकांमधली वाट दोन मीटर रुंद आहे आणि रांग वाटेच्या बरोबर मध्यावर आहे. एकट्या बल्बपासून लांब जावं तसा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांबलचक रांगेपासून तो नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जरा सावकाश. पण उजेड कोणत्या कोनातून पडतो यालाही तेवढंच महत्त्व आहे. फरशी छताकडे तोंड करून पसरलेली असते, त्यामुळे उजेड तिच्यावर सरळ उतरतो. रॅकवरची पाकिटं उभी असतात आणि वरून येणारा उजेड त्यांना तिरका घासून जातो.

या दोन्ही गोष्टी धरून आकडेमोड केली, तर दोन मीटर उंचीवरच्या फळीला जमिनीपासून अर्ध्या मीटरवरच्या फळीच्या सुमारे २.३ पट उजेड मिळतो. आणि वाटेच्या मधल्या फरशीला? त्या खालच्या फळीच्या जवळजवळ चौपट. हा हिशेब उघड्या नळीचा आणि थेट उजेडाचा आहे. फरशीवरून आणि छतावरून परतणारा उजेड हा फरक थोडा भरून काढतो, मात्र शेजारच्या वाटेवरच्या दिव्यांची खालच्या फळीला फारशी मदत होत नाही, कारण मधला रॅक त्यांना अडवतो.

युरोपच्या ईएन १२४६४-१ या मानकात विक्रीच्या जागेसाठी ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) आणि बिलाच्या काउंटरसाठी ५०० लक्स असे आकडे दिलेले आहेत. काम पूर्ण झालं की लक्समीटर आडवा धरून असा आकडा दाखवला जातो आणि सगळ्यांचं समाधान होतं. तोच मीटर खालच्या फळीच्या कडेला उभा, वाटेकडे तोंड करून धरला, की दुकानाची खरी स्थिती कळते. दुकानाचा आराखडा याच आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

यावरचे उपाय महाग नाहीत. साधा रिफ्लेक्टर सगळा उजेड खाली ढकलतो. वाटेसाठी त्याऐवजी उजेड दोन्ही बाजूंना तिरका फेकणारा रिफ्लेक्टर किंवा लेन्स हवी. रांगा वाटेला समांतर आणि तिच्या मध्यावर असतील तर रॅक चांगले उजळतात. अडचण एकच, की मोठ्या दुकानांत रॅक वरचेवर हलवले जातात आणि मग रांग नेमकी रॅकच्या डोक्यावर येते. म्हणून अमेरिकेतल्या अवाढव्य दुकानांत पुष्कळदा रांगा वाटांना आडव्या लावतात. त्यात थोडा उजेड वाया जातो, पण रॅक कुठेही सरकवता येतात. जिथे मांडणी वर्षानुवर्षं तीच राहते, तिथे हा तोटा सोसायचं कारण नाही. फरशी फिकट रंगाची असली तर खालच्या फळीला खालून उजेड मिळतो. गडद फरशीवर तोच उजेड मुरून जातो, मग ती कितीही झकपक दिसो. आणि काळं रंगवलेलं छत दिसायला आधुनिक वाटत असलं, तरी वर गेलेला उजेड ते परत देत नाही. छत पांढरं असेल आणि ट्यूब ज्यांत बसवतात त्या पट्ट्यांच्या वरच्या बाजूने थोडा उजेड त्यावर पडत असेल, तर सावल्या मऊ होतात आणि दिवा थेट डोळ्यांत खुपत नाही.

आता डोळ्यांच्या शिणाकडे येऊ. ट्यूबमध्ये कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात. काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर ते आदळतात आणि लेप दृश्य प्रकाश देतो. आपल्याकडे वीजप्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलते, आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. त्यामुळे जुन्या तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. अमेरिकेत ६० आवर्तनांमुळे हा आकडा १२० होतो. इतक्या वेगाची लुकलुक आपल्याला दिसत नाही, पण मज्जासंस्था तिची दखल घेते. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका कार्यालयात जुन्या चोकच्या ट्यूब आणि उच्च वारंवारतेच्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब यांची तुलना केली. त्यांचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक चोकच्या उजेडात डोकेदुखी आणि डोळ्यांवरच्या ताणाचं सरासरी प्रमाण निम्म्याहून कमी झालं होतं.

इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूबला सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनांवर चालवतो. पाऱ्याच्या वाफेला मधे विझायला सवडच मिळत नाही. तेवढ्याच विजेत ट्यूब सुमारे १० टक्के जास्त उजेड देते. जुना चोक स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो, त्यातलेही बरेचसे वाचतात. चोकच्या लोखंडी गाभ्याचा आकार चुंबकत्वामुळे सूक्ष्म प्रमाणात बदलत राहतो, त्यातून येणारी 'हूंऽऽ' अशी घरघरही थांबते.

गिऱ्हाईक तासाभरात पिशव्या भरून घरी जातं. काउंटरवरची मुलगी मात्र आठ-नऊ तास त्याच उजेडाखाली बारकोड शोधत बसते. दुकानाच्या प्रकाशयोजनेत तिचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि हे मला फार खटकतं. वर सांगितलेल्या मानकात काउंटरसाठी नुसता उजेडच जास्त सांगितलेला नाही, तिथली डोळ्यांत खुपणारी चकाकी बाकीच्या विक्रीच्या जागेपेक्षा कमी असावी अशीही अट आहे. तिच्या डोळ्यांसमोर उघडी नळी येणार नाही अशी जाळी किंवा डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) बसवणं, हे अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे.

रंगाचा विषय कापड घेणाऱ्यांना समजावून सांगायला नको. मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर आणि ब्लाउजपीस शेजारी ठेवून रंग जुळला असं वाटतं, तरी अनुभवी बाई दोन्ही घेऊन दाराशी जाते आणि उन्हाच्या उजेडात पुन्हा बघते. तिचं बरोबर असतं. दोन कापडांवरचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. एका उजेडात ते डोळ्याला सारखे दिसतात, दुसऱ्यात एक तांबूस आणि एक जांभळट निघतो. सूर्यप्रकाशात सगळ्या तरंगलांबी सलग असतात. चांगल्या प्रतीच्या ट्यूबचा लेप तीन द्रव्यांचा असतो आणि त्याचा उजेड प्रामुख्याने निळ्या, हिरव्या आणि लाल अशा तीन अरुंद पट्ट्यांत येतो. युरोपियममुळे लाल पट्टा ६११ नॅनोमीटरच्या आसपास मिळतो, तर टर्बियममुळे हिरवा ५४४ च्या आसपास. मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या असतात. जुन्या, एकाच द्रव्याच्या लेपात तर लाल भागच अशक्त असतो. त्यामुळे त्या उजेडात टोमॅटो मलूल दिसतात आणि माणसांचे चेहरे आजारी.

नळीच्या टोकाला छापलेला तीन आकडी अंक याबद्दल बरंच सांगतो. ८६५ मधला ८ म्हणजे रंग दाखवण्याचा निर्देशांक शंभरपैकी ८० ते ८९ च्या दरम्यान आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या छटेचं माप) निळसर पांढरा उजेड. ७६५ असेल तर रंगांच्या बाबतीत ती खालच्या प्रतीची. ८४० म्हणजे ४००० केल्विन, थोडा उबदार. हा निर्देशांक आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल रंग नवव्या क्रमांकावर आहे आणि तो सरासरीत धरलाच जात नाही. म्हणून ८० चा दिवासुद्धा डाळिंब, लाल मिरची किंवा कुंकवाच्या रंगाची साडी फिकी दाखवू शकतो. आपल्याकडे दुकान म्हटलं की ६५०० चा पांढराफटक उजेड ठरलेला. भाजी आणि कापडाच्या विभागात ४००० केल्विन आणि ९० च्या वरचा निर्देशांक मला कितीतरी योग्य वाटतो. अशा नळ्या तेवढ्याच वॅटमध्ये उजेड थोडा कमी देतात, पण माल खरा दिसतो. घेणाऱ्याचीही फसगत होत नाही.

देखभालीबद्दल थोडंच सांगतो. पट्टीवर धूळ बसते, नळीची टोकं काळी पडतात, उजेड हळूहळू उतरतो आणि रोज बघणाऱ्याला ते जाणवत नाही. एकेक नळी बंद पडेल तशी बदलण्यापेक्षा ठरावीक काळाने सगळ्या एकदम बदलून पट्ट्या पुसून घेणं मोठ्या दुकानाला परवडतं, कारण शिडी लावायची मजुरी एकदाच पडते. तापमानाचाही परिणाम होतो. एक इंच जाडीची टी-८ नळी भोवतालचं तापमान २५ अंशांच्या आसपास असताना सर्वांत जास्त उजेड देते, बारीक टी-५ नळी ३५ अंशांच्या आसपास. फ्रीजरच्या थंडीत पाऱ्याची वाफ कमी होते आणि नळी मंदावते.

सगळ्यात चांगला दिवा मात्र छताच्या वर आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स इथे वॉलमार्टने १९९३ मध्ये एक प्रायोगिक दुकान उघडलं आणि त्याच्या निम्म्या भागाच्या छतातच झरोके ठेवले. झरोक्यांखालच्या विभागांत जागेच्या मानाने विक्री जास्त होते, असं तिथे आढळलं. पुढे १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेशॉंग महोन ग्रुप या सल्लागार संस्थेने एकाच साखळीच्या १०८ दुकानांचा अभ्यास केला. झरोके असलेल्या दुकानांची विक्री सुमारे ४० टक्के जास्त असल्याचं त्यांना सांख्यिकीत दिसलं. दुसऱ्या साखळीवर २००३ मध्ये त्यांनीच केलेल्या अभ्यासात हा परिणाम बराच लहान निघाला. तेव्हा ४० टक्क्यांवर हवाला ठेवून कोणी छत फोडू नये. पण भर दुपारी सेन्सरने दिवे मंद केले की वीज वाचते, याला विक्रीच्या आकड्यांची साक्ष लागत नाही.

मुंबईच्या गिरण्या बांधणाऱ्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती. गिरणगावातल्या खात्यांची करवती छपरं आणि त्यांतल्या उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा आठवा. उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, उष्णता कमी येते आणि उजेड दिवसभर बराचसा स्थिर राहतो. त्याच गिरण्यांच्या जमिनींवर आज मॉल उभे आहेत आणि भर दुपारीही त्यांत दिवे जळतात.

आता ट्यूबलाइटचे दिवसही भरत आले आहेत. युरोपीय संघात टी-५ आणि टी-८ नळ्या ऑगस्ट २०२३ पासून नव्याने बाजारात आणता येत नाहीत. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये ठरवल्यानुसार २०२७ अखेरपर्यंत ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबायची आहे. भारतही या करारात आहे. त्यामुळे जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवायची कामं दुकानोदुकानी निघाली आहेत. इथे सावध राहायला हवं. जुनी नळी चहूबाजूंनी उजेड द्यायची आणि पट्टीचा रिफ्लेक्टर त्याच हिशेबाने घडवलेला असायचा. बहुतेक एलईडी नळ्या अर्ध्याच बाजूने, खाली उजेड टाकतात. मग रिफ्लेक्टरला काही काम उरत नाही, छत अंधारात जातं, फरशी आणखी लखलखते आणि खालची फळी होती तिथेच राहते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, स्वस्तातला असेल तर सेकंदाला १०० वेळांची लुकलुकही परत येते. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चित्रीकरण केलं की ती पटकन दिसते.

कोटेशन मागवताना कंत्राटदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: खालच्या फळीवर मीटर उभा धरून मिळणारे लक्स, लाल रंगाचा वेगळा निर्देशांक आणि ड्रायव्हरच्या लुकलुकीचं प्रमाण. उतरवलेल्या नळ्यांचं काय करणार, हेही त्याच कागदावर असावं. प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि मोठ्या दुकानातून अशा शेकडो नळ्या एका रात्रीत निघतात. त्या भंगारवाल्याकडे फोडायला न देता अखंड खोक्यात भरून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवायच्या असतात.